डॉक्टरचं मीठ

पंचफुला — माझी वहिनी. मी आज जो काही आहे, तो सगळ्यात जास्त तिच्यामुळे आहे. एवढं मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं. शाळेत सत्कार झाला तेव्हा माईकवर सांगितलं, बायकोला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, वर्गातल्या पोरांना तर दरवर्षी सांगतो. पण या गोष्टीच्या पाठीमागे आणखी एक गोष्ट आहे, ती मी कधीच कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही. या आठवड्यात ती पहिल्यांदा कागदावर लिहिली आणि टपालपेटीत टाकली. आता तुम्हाला सांगतो.

सांगायला बसलो आहे खरा, पण सरळ मुद्द्यावर यायला जीभ वळत नाही. कुठून सुरू करू?

डब्यापासून करतो. आम्ही वसमतचे. वडील मी लहान असतानाच गेले. थोरला भाऊ उत्तम, माझा दादा, मोंढ्यात, म्हणजे तिथल्या धान्यबाजारात, हमाली करायचा. हळदीची पोती, सरकीची पोती, जे येईल ते. मी सहावीत असताना वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली. पहिल्या दिवसापासून ती मला ‘भाऊजी’ आणि ‘तुमी’ म्हणायला लागली. मी नाक पुसत फिरणारं पोरगं. मी तिला तूच म्हणायचो, आजही म्हणतो. दहावी झाल्यावर माय म्हणाली, आता यालाही मोंढ्यात ने. वहिनी घरात कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चुलीपुढून उठली.

“भाऊजी शिकतील. त्यांच्या वाटंची पोती मी उचलीन.”

दादा हसला. “तू पोतं उचलायलीस म्हणलं की अख्खा मोंढा गोळा व्हईल बगायला. माल कोण उतरविल मग?”

पण मी शिकलो. बी.एस्सी.साठी नांदेडला खोली करून राहिलो. खाणावळ परवडण्यासारखी नव्हती. आमच्याकडे तेव्हा गावाकडून पोरांचे डबे एस.टी.नं यायचे. सकाळच्या गाडीत कंडक्टरपाशी डबा द्यायचा, इकडे पोरगं स्टँडवर उभं. हंगामात वहिनी हळद शिजवायच्या कामाला जायची, दिवसभर त्या कढयांच्या वाफेत उभी असायची, तरी पहाटे भाकरी थापून डबा गाडीपर्यंत पोचवायचीच. कधी गाडी बंद पडली की डबा संध्याकाळी यायचा आणि वरणाला वास सुटलेला असायचा. मी ते खायचो. टाकून द्यायची हिंमत कुणाला झाली असती?

तिच्या हातच्या अन्नावर मी पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला. आणि तिच्या हातच्या त्याच अन्नावर मी — थांबा. अजून नाही.

मला सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. पुढे परभणीतून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला, आणि त्याच सुमाराला दादा आजारी पडला. आजार तसा आधीपासूनच असणार. हमाल माणूस, कंबर दुखली की दुकानातून दुखणं थांबायची गोळी घ्यायची आणि पुन्हा पोत्याखाली जायचं. किती वर्षं खाल्ल्या त्या गोळ्या, त्यालाही सांगता आलं नाही. रक्तदाब वाढलेला कुणी मोजला नव्हता. पाय सुजले, तोंड सुजलं, तेव्हा मी त्याला नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त निकामी झाली आहेत. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायचं.

मग त्यांनी मला समोर बसवून समजावून सांगितलं. शरीराला लागणारे क्षार आणि जीवनसत्त्वं — निरोगी माणसाचं मूत्रपिंड त्यांचा तोल स्वतःच सांभाळतं. जास्तीचं बाहेर टाकतं. दादाचं आता टाकू शकत नव्हतं. म्हणून आपल्याला चांगल्या वाटणाऱ्या वस्तूच त्याला घातक. केळी, नारळपाणी, मोसंबी, टमाटा, पालक यांत पोटॅशियम फार. ते रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं. दूध बेतानं, कारण फॉस्फरस साठला की हाडं पोखरतात. मीठ कमी. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या, उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. उकळण्यात जी जीवनसत्त्वं जातात ती गोळीतून द्यायची. ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी वेगळी, कारण साधं ‘ड’ शरीराच्या उपयोगी पडेल असं करून देणारं मूत्रपिंडच थकलेलं. कॅल्शियमची गोळी जेवणासोबतच चावायची, लोहाची तिच्याबरोबर नाही, दुपारी वेगळी. आणि मनानं कुठलंही टॉनिक आणायचं नाही. “काहीही नवीन द्यायचं असेल तर आधी मला विचारायचं,” डॉक्टर म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते ऐकलं होतं.

घरी येऊन मी हे सगळं वहिनीला समजावलं. मायही ऐकत बसली, दादाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं शिक्षण घराच्या उपयोगी पडत होतं. पोटॅशियम म्हणजे काय हे मी त्यांना सांगत होतो, आणि ती सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटत होतं.

वहिनीनं ते अंगावर घेतलं म्हणजे कसं घेतलं! दोडका, दुधी, कोबी, पडवळ एवढंच घरात यायला लागलं. डाळसुद्धा रात्रभर भिजवून, पाणी बदलून. दादाच्या ताटात भाकरीच्या आधी कॅल्शियमची गोळी. ती चावल्याशिवाय भाकरी पुढे सरकायची नाही. भेटायला येणारी माणसं आपल्या रीतीनं शहाळं, केळी, मोसंबी घेऊन यायची. वहिनी पिशवी हातात घ्यायची, चहा पाजायची आणि जाताना ती पिशवी त्यांच्याच लेकरांच्या हातात द्यायची. माणसं रागावली. तिनं रागावू दिलं.

आमची आत्या औंढ्याजवळच्या खेड्यात दिलेली. ती आली की आठ-आठ दिवस राहायची. तिनं वहिनीला भाजीचं पाणी मोरीत ओतताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“हळद शिजवायची सवय लागली गं बाई हिला! भाजी बी शिजवून पाणी फेकायली. सगळं सत्व मोरीत, अन् माझ्या भाच्याच्या ताटात निस्ता चोथा.”

“सत्व गोळीत येतं, आत्याबाई,” वहिनी म्हणाली.

“गोळीत सत्व येतं तर शेतात काहून खपून राहिले लोक?”

यावर दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. पण जेवायला बसला की त्याचं हसणं मावळायचं. जन्मभर ठेचा-भाकरी खाल्लेला माणूस, त्याच्यापुढे अळणी दुधी. तो मला म्हणायचा, “आपलं घर म्हंजी सरकारी दवाखाना झालं गौत्या. पेशंट हजर, नर्स हजर, मीठ तेवढं रजेवर.” विनोद करायचा आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठायचा. वाळत चालला होता.

ती अर्धी भाकरी मला बघवत नव्हती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. झालं तसं सांगतो.

एका प्रशिक्षणासाठी मी औरंगाबादला गेलो होतो. तिथे एका मोठ्या दुकानात मिठाचा एक डबा दिसला. वर हृदयाचं चित्र, खाली लिहिलेलं — कमी सोडियम. मी तिथेच उभा राहिलो. मीठ म्हणजे सोडियम, सोडियम वाईट, यात सोडियम कमी. इतकं सोपं! आजवर कुणाला कसं सुचलं नाही? डबा उलटून मागचं बारीक अक्षर मी वाचलं नाही. वाचायची गरजच वाटली नाही. मी रसायनशास्त्राचा पदवीधर होतो. वर्गात पोरांना सांगायचो, बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. आणि स्वतः दोन डबे पिशवीत टाकून वसमतची गाडी धरली.

वहिनीनं डबा हातात घेतला. उघडला नाही. आधी विचारलं, “डॉक्टरला इचारलं का भाऊजी?”

मी म्हणालो, “व्हय, इचारलं.”

का म्हणालो? विचारलं नव्हतं. नांदेडला गेलोच नव्हतो, फोनही केला नव्हता. तिनं विचारल्यावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे डबा परत पिशवीत जाणं, आणि मला तर दादाचं तोंड बघायचं होतं. शिवाय मला वाटलं, यात विचारायचं काय? मला कळतं. तर तो पहिला खोटेपणा. दोन शब्दांचा. त्या दिवसापासून घरात त्या मिठाचं नाव पडलं — ‘डॉक्टरचं मीठ’. दादानं त्या संध्याकाळी कोबीवर ते वरून घेतलं, आणखी घेतलं, आणि भाकरी संपवून दुसरी मागितली. “बेस हाय की डॉक्टर तुजा,” म्हणाला. वहिनी पदरानं डोळे पुसत होती. मी किती मोठा झालो होतो त्या स्वयंपाकघरात!

पुढच्या काही आठवड्यांत दादा ते मीठ मुठीनं खायला लागला म्हणा ना. डॉक्टरचंच आहे म्हटल्यावर हात कोण आखडणार? भीमजयंती आली, घर पाहुण्यांनी भरलं, ओसरलं. आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दादाला बाजेवरून उठता येईना. “पाय माझे न्हाईतच की रं,” म्हणाला. मी सुटीला तिथेच होतो. जीप करून नांदेड गाठलं. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला आणि धावाधाव सुरू केली — सुया, सलाईन, कसली कसली इंजेक्शनं. रक्तात पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदयाचे ठोके चुकत होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर हातचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी त्यांनी मला एकट्याला खोलीत बोलावलं. वहिनी दादाच्या उशाशी होती, माय आणि आत्या बाहेर बाकावर.

“एवढं पोटॅशियम गेलं कुठून? केळी? नारळपाणी?”

“नाही सर.”

“कसला काढा, टॉनिक?”

“नाही.”

“मीठ बदललं का कुणी? ते कमी सोडियमचं मीठ बाजारात येतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. लोक चांगलं समजून आणतात.”

त्या क्षणापर्यंत मी फक्त चुकलेला माणूस होतो. हे नीट समजून घ्या. त्या क्षणी मला सगळं कळलं — डबा, हृदयाचं चित्र, मागचं न वाचलेलं अक्षर, मुठीनं मीठ घेणारा दादा. सगळं. आणि डॉक्टर माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, ते फक्त विचारत होते. ‘हो सर, मी आणलं’, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले असते, फेकून द्या, पुन्हा आणू नका. आणि गोष्ट तिथेच संपली असती.

मी म्हणालो, “नाही सर.”

“मग भाज्यांचं पाणी नीट काढत नसतील घरी,” ते म्हणाले. ते अंदाज करत होते. मी मान हलवली.

बाहेर आलो तर आत्या उभीच होती. “काय म्हणला डॉक्टर?” आणि मी — मी डॉक्टरच्या तोंडी घालून सांगितलं, “भाजीचं पाणी नीट काढलं न्हाई म्हणला.”

बस. एवढं एक वाक्य. आत्यानं मायकडे पाहिलं. मायनं वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. मला तिथेच कळलं की हे वाक्य आता माझ्या हातात राहिलं नाही. जी आत्या ‘सत्व मोरीत चाललं’ म्हणून ओरडत होती, तीच आता ‘पाणी मोरीत ओतलं नाही’ म्हणून ओरडणार होती. दोन्ही वेळा बोल वहिनीलाच. रात्रीपर्यंत वसमतला भावकीत पोचलं — पंचफुलानं हयगय केली, उत्तम मरता मरता वाचला.

हेच सांगायचं होतं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही कित्येक वर्षं असंच वाटायचं, की माझा गुन्हा तो खोटं बोलण्याचा. पण सगळ्यात वाईट ते नाही. ते अजून पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला दवाखान्याच्या नळापाशी गाठून म्हणाली, “भाऊजी, त्या नव्या मिठाचं तर काही नसंल ना?”

बघा. तिनं विचारलं होतं. सरळ, माझ्या तोंडावर. मी म्हणालो, “न्हाई वैनी. ते तर डॉक्टरचंच हाय.”

तिनं मान हलवली आणि गेली. तिला माझ्यावर शंका घेता येत नव्हती. मग तिनं स्वतःवर घेतली. दिवसभर ती दादाच्या उशाशी बसून मागचे सगळे दिवस उलगडत होती — कधी काय शिजवलं, कुठलं पाणी कधी ओतलं. संध्याकाळी पुन्हा आली. चेहरा पार उतरलेला.

“मला घावलं भाऊजी. जयंतीच्या दिशी. पाव्हणे व्हते, दोन चुली पेटल्या व्हत्या. कोबी उकळला, अन् पाणी गाळलं का न्हाई, मला आठवंना. न्हाईच गाळलं असंल. लई आठवून बघितलं.” मग ती म्हणाली, “माज्या हातानं व्हऊन बसलं असतं. मला माफ करा.”

एका दिवसाच्या कोबीनं इतकं होत नाही. हे मला त्या संध्याकाळीही ठाऊक होतं. ज्या बाईनं माझ्यासाठी पोती उचलायची तयारी दाखवली, ती हात जोडून उभी होती. न केलेल्या चुकीसाठी. आणि मी काय केलं?

मी तिला माफ केलं.

म्हणालो, “जाऊ दे वैनी. माणसाकडून व्हतंच. मनात ठिवू नको.” आवाज मऊ केला. तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, तुमच्यावानी दीर मिळायला भाग्य लागतं. मी तेही ऐकून घेतलं. हाच तो माझा गुन्हा. खोटं मी भीतीपोटी बोललो असेन, पण माफी? ती कशापोटी दिली? त्या वेळी मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी विचारत नव्हतं. मी मोठेपणा घेतला, फुकटचा, तिच्या जिवावर.

वसमतला परतल्यावर आधी मी ते दोन्ही डबे मोरीत रिकामे केले. वहिनीला सांगितलं, हे मीठ आता बाजारात येत नाही. ती म्हणाली, बरं झालं, सवयच मोडंल.

त्यानंतर ती पूर्वीसारखी राहिली नाही. कोसळली मात्र नाही, हेही सांगायला हवं. उलट कंबर कसली तिनं. भाजी आता दोन पाण्यांत उकळायला लागली. आणि स्वतःच्या आठवणीवर तिचा भरवसा राहिला नाही, म्हणून पाणी ओतायच्या वेळी ती लेकीला हाक मारायची. सुजाता तेव्हा शाळेत जाणारी. “सुजे, इकडं ये. बग, वतलं का?” लेकरू अभ्यास टाकून यायचं, मोरीकडे बघून म्हणायचं, “वतलं आई.” मग भाजी फोडणीला. रोज. सुजाता घरी नसली तर शेजारीण, शेजारीण नसली तर माय. मी गावी गेलो की मला मुद्दाम सांगायची, “इचारा सुजाताला, एक दिस चुकलं न्हाई.” जसं काही मी तपासायला आलेला साहेब.

मी विचारायचो का? नाही. पण ‘गरज नाही’ असंही कधी म्हणालो नाही.

दादा थट्टा करायचा. दर जयंतीला ताटावर बसला की म्हणायचा, “मागं हिनं माजा निकालच लावला व्हता. कोबी खाऊन मेला असता उत्तम, पेपरात आलं असतं.” सगळे हसायचे. वहिनी तेवढी हसत नसे. उठून पाणी आणायला जायची. मी हसायचो.

तिच्या हातच्या त्या दोन पाण्यांच्या भाज्यांवर, वेळेवरच्या गोळ्यांवर दादा पुष्कळ वर्षं जगला. डॉक्टरांना वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी उशिरा त्याला यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायची वेळ आली. आठवड्यातून दोनदा नांदेडच्या फेऱ्या. तिथेही वहिनीच सोबत. सुजाता तोवर कॉलेजला गेली. दादा गेला तो गेल्या पावसाळ्याच्या शेवटी. त्या मिठानं गेला नाही. हे मी माझी बाजू म्हणून मांडत नाही; नुसतं खरं म्हणून सांगतो.

त्याच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, घरापुढे मांडव घातला होता. चार माणसं बोलली. मोंढ्यातला एक जुना हमाल बोलला, मीही बोललो. आणि मग वहिनी उठली. ती अशी चारचौघांत कधी बोललेली नव्हती. माईक तिनं हातात घेतला नाही, तशीच बोलली.

“यांच्या आजारपणात माज्या हातून एकदा मोठी चूक झाली. समद्यांना ठाऊक हाय. समदे बोलले, त्यांचं काही चुकलं न्हाई. पण भाऊजींनी मला एका शब्दानं टाकून बोललं न्हाई. त्यांनी माफ केलं, म्हणून मी उभी राहू शकले, म्हणून यांचं एवढं करता आलं. त्यांचे उपकार मी फेडू शकत न्हाई.”

आणि तिनं माझ्या दिशेनं हात जोडले. आख्ख्या मांडवाची तोंडं माझ्याकडे वळली. आत्या समोरच बसली होती. म्हातारी झाली आहे, पण ऐकू चांगलं येतं. तिनंही मान डोलावली.

मी उठू शकलो असतो. दोन वाक्यं होती. मी काय केलं? — मीही हात जोडले.

गोरेगावला परत येताना जीपमध्ये माझ्या शेजारी एक शेतकरी बसला होता. त्यानं मला ओळखलं. त्याची पोरं माझ्या वर्गात आहेत. म्हणाला, गुरुजी, तुमी पोरांना लई खरं शिकवता. त्या माणसाला काय ठाऊक?

त्या दिवशी ठरवलं. ठरवलं आणि तरी हिवाळा घालवला, हेही लपवत नाही. फोन करता आला असता; आता वहिनीकडेही मोबाइल आहे. पण फोनवर मी पुन्हा मऊ आवाज काढला असता, आणि तिनंच मला समजावलं असतं. ते होऊ द्यायचं नव्हतं. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली आहे, अक्षर अक्षर लावून वाचते. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं. हेच ते पत्र.

तीर्थस्वरूप वैनी,

सविनय जयभीम.

हे पत्र तू स्वतः वाचावंस म्हणून सोपं लिहितो आहे.

दादाचे पाय गेले आणि आपण त्याला नांदेडला नेलं, ते तुझ्यामुळे झालं नव्हतं. ते मी आणलेल्या मिठामुळे झालं होतं. त्या मिठात पोटॅशियम होतं. डब्यावर मागे लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही.

तू मला विचारलं होतंस, डॉक्टरला विचारलं का. मी हो म्हणालो. विचारलं नव्हतं. ते डॉक्टरचं मीठ नव्हतं, माझं होतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी मला विचारलं, मीठ बदललं का. मी नाही म्हणालो. भाजीचं पाणी काढलं नाही, हे त्यांनी नुसतं अंदाजानं म्हटलं. मी खरं लपवलं म्हणून त्यांना तसं वाटलं. आणि बाहेर येऊन आत्याला मी ते खरं म्हणून सांगितलं. भावकीत जे पसरलं, ते माझ्या तोंडून निघालेलं आहे.

नळापाशी तू मला पुन्हा विचारलंस, त्या मिठाचं तर नाही ना. तेव्हा मला खरं ठाऊक होतं. तरी मी नाही म्हणालो.

जयंतीच्या दिवशी तू कोबीचं पाणी गाळलं होतंस की नव्हतं, मला माहीत नाही. नसलं गाळलं, तरी एका दिवसानं तसं होत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. दादा त्यानंतर जितकी वर्षं जगला, ती तू जगवलीस. मांडवात माझे उपकार म्हणालीस. उपकार नव्हते.

हाच मजकूर मी आत्याला वेगळ्या पाकिटात पाठवला आहे. तिचा मुलगा तिला वाचून दाखवील. मायला मी येत्या रविवारी येऊन समोर सांगणार आहे, आणि भावकीतल्या ज्या ज्या घरी ती गोष्ट गेली, त्या त्या घरी जाणार आहे. सुजातालाही मीच सांगेन.

दवाखान्यात तू माझी माफी मागितलीस आणि मी ती दिली. ज्याची चूक नाही त्याला माफी देता येत नाही. मी दिलेली ती माफी परत घेतो.

तुझा दीर,
गौतम